सर्किटच्या टोकाचं गाव

ऑपरेटर सिनेमा पाहत नाही, असं मी सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याला ते खरं वाटत नाही. दिवसाला चार खेळ डोळ्यांसमोरून जातात, मग पाहत नाही म्हणजे काय? पण ऑपरेटरचं लक्ष पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात असतं. रीळ संपत आलं की तिथे एक बारीक गोल ठिपका क्षणभर येतो. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, त्यावर चेंजओव्हर. खाली बसलेल्यांना त्याची शंकाही येता कामा नये. गाजलेले कितीतरी चित्रपट मला गाण्यांवरून आठवत नाहीत. कोणत्या रिळाला जोड जास्त होते, कोणत्या रिळाच्या शेवटी उजेडाचा प्रसंग असल्याने ठिपका सापडायला जड जायचा, यावरून ते आठवतात.

गोंदियातल्या एका जुन्या टॉकीजच्या केबिनमध्ये मी विशीच्या आत शिरलो आणि केस पिकल्यावर बाहेर पडलो. ती टॉकीज आता नाही. तिचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. ज्यांची ती होती त्यांनी ती जमेल तितकी वर्षं चालवली आणि जमेना तेव्हा विकली. त्यावर बोट ठेवायला हे लिहायला घेतलेलं नाही. शिवाय मी सांगतोय ते शेजारच्या भंडारा, बालाघाटातल्या कुठल्याही जुन्या ऑपरेटरने थोड्याफार फरकाने सांगितलं असतं.

गोंदिया हे हावडा-मुंबई मार्गावरचं मोठं जंक्शन, पण सिनेमाच्या धंद्यात ते टोकाचं गाव. या धंद्याच्या नकाशात राज्यं नसतात, सर्किटं असतात. आमचं सर्किट सी.पी. बेरार. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया स्वतःच जिल्हा झाला. पण चित्रपटाच्या करारावर सी.पी. बेरार ते सी.पी. बेरारच राहिलं. वितरकांची ऑफिसं अमरावतीला, त्यांच्या संघटनेचं, म्हणजे सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं, मुख्य ऑफिस भुसावळला. एका सर्किटला मोजक्याच प्रिंट मिळत. त्या आधी नागपूर, अमरावती, अकोल्याला लागत. तिथलं गिऱ्हाईक ओसरलं की मग आमच्याकडे येत. नवा चित्रपट गोंदियाला पोचायला आठवडे लागत, कधी महिने. तोवर त्याची गाणी रेडिओवर जुनी झालेली असत.

पेटी रेल्वेने यायची. पत्र्याची, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, वर खडूने स्टेशनचं नाव. कोल्हापूरहून निघालेली महाराष्ट्र एक्स्प्रेस सगळं राज्य ओलांडून आमच्या गोंदियाला येऊन थांबते. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात मराठी चित्रपट उभा केला तिथून निघालेली गाडी आमच्या फलाटावर संपते, याचं मला तरुणपणी फार अप्रूप वाटायचं. पेटी मात्र मिळेल त्या गाडीने यायची. तिची वाट पाहत मॅनेजर पार्सल ऑफिसपाशी उभे असत. रिक्षावर पेटी चढली की स्टेशनपासून टॉकीजपर्यंत पोरं मागे धावत विचारायची, "कोनता खेळ हाये जी?"

टोकाला आलेली प्रिंट थकलेली असायची. म्हणून पहिला खेळ लावण्याआधी प्रत्येक रीळ हाताने तपासायचं, हा आमच्या केबिनचा नियम होता. रिवाइंडरवर रीळ लावायचं आणि फिल्मच्या दोन्ही कडा अंगठा आणि बोटाच्या मधून जाऊ द्यायच्या. भोक फाटलेलं असेल तर बोटाला टोचतं. तिथे थांबायचं, फाटका भाग कापायचा, कडेचा थर ब्लेडने खरवडायचा, सिमेंट लावून जोड दाबून धरायचा. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं. अडीच-तीन तासांच्या चित्रपटाला अशी पंधरा-सोळा रिळं. सगळं तपासायला रात्र जायची. आवाजाची पट्टी चित्राच्या साधारण वीस फ्रेम पुढे छापलेली असते, त्यामुळे वाटेल तिथे कापून चालत नाही. चित्रातला तुकडा वाचवायला गेलं की पुढच्या माणसाचं वाक्य अर्धं तुटतं. उस्ताद म्हणायचे, तसबीर कटली तर चालेल, बात कटता कामा नये. गावाकडून आलेला माणूस चित्र एकदा पाहून समजून घेतो, पण एक वाक्य हुकलं तर शेजाऱ्याला विचारतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला, आणि पुढचे दोन संवाद सगळ्यांचेच जातात.

उस्ताद म्हणजे आमचे मोठे ऑपरेटर. ते मध्य प्रदेशाकडचे, हिंदीच बोलत, पण त्यांची मराठी माझ्याइतकीच चांगली होती. त्यांच्या हाताखाली पहिली काही वर्षं मी मशीनला हातच लावला नाही. रिवाइंडिंग, तेलपाणी, झाडलोट, आणि कार्बनच्या उरलेल्या कांड्या मोजून डब्यात ठेवणं, एवढंच.

त्या कार्बनबद्दल सांगितलं पाहिजे, कारण ते काम आता कुणी करत नाही. आमच्या फोटोफोन मशीनच्या मागे लॅम्पहाउस होतं. त्यात तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या दोन कांड्या समोरासमोर, एक जाड आणि एक बारीक. रेक्टिफायरवरून डीसी करंट सोडायचा, कांड्यांची टोकं क्षणभर एकमेकींना टेकवायची आणि किंचित मागे घ्यायची. मधल्या फटीत जो उजेड पेटतो त्याच्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहता येत नाही, रंगीत काचेतून पाहावं लागतं. त्यामागचा आरसा तो उजेड गोळा करून फिल्मच्या खिडकीवर टाकतो. कांड्या जळत जातात, फट वाढत जाते, पडदा मंदावतो. म्हणून एक हात सतत फीडच्या चाकावर. चालू रीळ संपेपर्यंत ही कांडी पुरेल का, हा हिशेब डोक्यात चालूच. धूर चिमणीतून बाहेर जायचा, तरी थोडा छातीत राहायचाच. उन्हाळ्यात गोंदियाचा पारा चढलेला, वर टिनाचं छप्पर, शेजारी दोन लॅम्पहाउस. मॅटिनी संपेपर्यंत अंगातला सदरा पिळून काढावा लागे. पुढे झेनॉन दिवे आले आणि तो त्रास गेला. झेनॉनचा उजेड एकसारखा आणि पांढरा, त्याला तोड नाही. पण कार्बनच्या उजेडात माणसाचा हात होता, आणि मला तो पडद्यावर ओळखू यायचा. कोणत्या पाळीला कोण ऑपरेटर आहे हे मी बाहेर पानठेल्यावरून, दारातून दिसणाऱ्या पडद्याच्या तुकड्यावरून सांगू शकत असे.

उस्तादांनी मशीन शिकवायच्या आधी हॉल ऐकायला शिकवलं. केबिनची छोटी खिडकी उघडी ठेवायची आणि पडद्याकडे पाठ करून उभं राहायचं. खोकला वाढला, खुर्च्या करकरायला लागल्या, तर प्रसंग लांबला असं समजायचं नाही. आधी आपला फोकस आणि आवाज तपासायचा. सगळे एकदम शांत झाले आणि तशी शांतता त्या चित्रपटात त्या जागी नेहमी नसेल, तर काहीतरी बिघडलं आहे. फिल्म तुटली तर आधी हॉलचे दिवे, मग फिल्म. अंधारात पडदा पांढरा ठेवून दुरुस्ती करत बसायचं नाही. लोक शिट्ट्या मारतात, शिव्या देतात, ते रागाने नसतं, अंधारात एकटं पडल्यासारखं वाटतं म्हणून असतं. हे त्यांचं म्हणणं मी पुढे कितीतरी वेळा खरं झालेलं पाहिलं. वीज जाऊन हॉल पूर्ण काळोखात असताना गेटकीपरने नुसती बॅटरी हलवत "बसून राहा जी, जनरेटर सुरू होते" एवढं म्हटलं की निम्मा गोंधळ जिरायचा.

पण त्यांनी दिलेली सगळ्यात मोठी शिकवण स्लाइडची. काचेच्या छोट्या स्लाइडवर दुकानांच्या जाहिराती दाखवत, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. त्याच यंत्रातून आम्ही निरोप देत असू. काचेवर काजळी धरायची आणि सुईने अक्षरं कोरायची, उलटी नाही, सुलटीच, फक्त काच उलटी लावायची. अमुक गावचे अमुक यांनी बाहेर यावे. मूल हरवलं, सोबतचा माणूस बाहेर वाट पाहतोय, बैलगाडी निघाली, असे निरोप. एका रात्री दुसऱ्या खेळाला एक पोरगा सायकल हाणत आला. त्याच्या काकाचे वडील गेले होते आणि काका आत बसलेला. मी स्लाइड कोरायला घेतली तशी उस्तादांनी काच हातातून काढून घेतली. म्हणाले, मौतीची खबर पडद्यावर द्यायची नाही. स्लाइडवर फक्त नाव, गाव आणि "घरून माणूस आला आहे" एवढंच लिहायचं. बाकीचं गेटवर, त्याला बाजूला नेऊन, खाली बसवून, पाणी देऊन सांगायचं. आणि स्लाइड गाण्याच्या वेळी लावायची, विनोदाच्या प्रसंगावर नाही, कारण शेकडो माणसं हसत असताना आपलं नाव पडद्यावर दिसणं माणसाला जन्मभर सोसत नाही. त्या काळी गावात फोन नव्हते. त्या टॉकीजच्या अंधारात किती जणांच्या आयुष्याचं वळण आमच्या काजळीच्या काचेवरून गेलं असेल. उस्तादांनी तो नियम कुणाच्या पुस्तकातून घेतला नव्हता.

टॉकीज शहरात होती, पण ती चालवली खेड्यांनी. हे मला सावकाश कळलं. गोंदियाहून बालाघाटकडे आणि तिकडे सौंदड, अर्जुनी, वडशाकडे तेव्हा छोटी लाइन होती, अडीच फुटी नॅरोगेज. आमच्या खेळांच्या वेळा घड्याळावर नव्हत्या, त्या छोट्या लाइनवर होत्या. गाडी लेट असली तर मॅनेजर वर निरोप पाठवत, आणि आम्ही फिल्म्स डिव्हिजनचं समाचारचित्र शेवटपर्यंत चालवायचो, जाहिरातींच्या स्लाइड दोनदा लावायचो. मूळ चित्रपट सुरू होईपर्यंत बिरसोल्याकडची मंडळी धापा टाकत आत शिरलेली असत. रात्रीच्या शेवटच्या खेळानंतर परतीची गाडी नसे. मग ती माणसं टॉकीजच्या वऱ्हांड्यात, पोस्टरखाली, पटका उशाला घेऊन झोपत आणि पहाटेची गाडी धरत. त्यांना कुणी उठवायचं नाही, हा मालकांचा हुकूम होता. हे त्यांच्याबद्दल आवर्जून लिहिलं पाहिजे.

वर्षाचा हिशेब धानाचा. आषाढ-श्रावणात रोवणी चालू असताना बाल्कनीत चार व्यापारी आणि खाली रिकाम्या खुर्च्या. दिवाळीच्या सुमारास धान कापणीला आलं की हळूहळू खालचा क्लास भरू लागे. राइस मिलचे हमाल शनिवारी हप्ता घेऊन थेट खिडकीवर येत. मे महिन्यात तेंदूपत्त्याची मजुरी हातात पडली की सालेकसा, देवरीच्या जंगलपट्ट्यातली कुटुंबं बाजारहाट उरकून संध्याकाळच्या खेळाला येत, लेकरं आणि भाकरीच्या गाठोड्यांसकट. मालक कुठला चित्रपट कधी लावायचा हे वितरकाच्या यादीवरून ठरवत, पण त्याआधी मंडीत जाऊन धानाचा भाव विचारून येत.

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. रात्रभर नाटक, दंडार, गंमत. त्या महिन्यांत आमच्या शेवटच्या खेळाला माणूस फिरकत नसे आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नसे. मंडईत तंबू टाकणाऱ्या टुरिंग टॉकीजच्या एका मालकाबरोबर मी काही हिवाळे उसना ऑपरेटर म्हणून गेलो. जमिनीवर पोती, मधोमध दोरी, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष, आणि मशीन मागे उघड्यावर. तिथे केबिनची भिंत नव्हती. पोरं माझ्या पायाशी बसून पडद्याऐवजी मशीनकडे पाहत. उजेडाचा झोत धुळीतून कसा जातो ते एकमेकांना बोटाने दाखवत. टॉकीजमध्ये मी प्रेक्षकांना ऐकत होतो, मंडईत मी त्यांना पाहिलं. त्यानंतर केबिनमध्ये मी पहिल्यासारखा एकटा कधी राहिलो नाही. 2016 मध्ये कानच्या महोत्सवात महाराष्ट्रातल्या टुरिंग टॉकीजवरचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट दाखवला गेला. त्यात गंजलेली मशीनं दुरुस्त करणारा एक म्हातारा कारागीर आहे. तो पाहिल्यावर मला वाटलं, आपल्या कामाकडे इतक्या मायेने कुणीतरी पाहिलं.

काही चित्रपट चित्रपट राहिले नाहीत. 'जय संतोषी माँ' 1975 चा. आमच्याकडे तो पुढे कितीतरी वर्षं परत परत लागे, आणि शुक्रवारी हमखास गर्दी. बाया चपला दाराबाहेर काढून आत येत. पडद्याकडे नाणी फेकत, आरतीच्या वेळी उभ्या राहत. खेळ संपल्यावर झाडूवाला ती नाणी गोळा करून ऑफिसात देई. ती गल्ल्यात कधी मिसळली नाहीत, मंदिरात गेली. 1991 मध्ये 'माहेरची साडी' लागला तेव्हा हिंदीच जास्त चालणाऱ्या आमच्या गावात मराठी चित्रपटाला बैलगाड्यांची रांग लागलेली मी पाहिली. खिडकीतून हॉल ऐकण्याची सवय होती, त्या आठवड्यांत नुसतं रडणं ऐकलं. ते रडणं सगळं चित्रपटासाठी नव्हतं. त्या बायांना घरी रडायला जागा नसावी, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं. तीन तासांचा अंधार त्यांनी तिकीट काढून विकत घेतला होता.

टॉकीज कशाने मेली, असं विचारलं की लोक एकच उत्तर देतात: टीव्ही, नाहीतर मोबाइल. ते पुरतं खरं नाही. 1987 च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झालं आणि रविवार सकाळचा खेळ बसला, हे खरं. व्हिडिओ पार्लरनी आमची तरुण पोरं ओढली, तेही खरं. पण टॉकीज त्यातून सावरली. तिला खरा घाव बसला तो खेड्यांशी असलेली वीण सुटत गेली तेव्हा. छोटी लाइन मोठी होण्याच्या कामासाठी टप्प्याटप्प्याने बंद राहिली आणि त्या काळात लोकांची सवय तुटली. नव्या गाड्या आल्या त्या चांगल्याच, पण त्यांच्या वेळा आमच्या नव्हत्या. मोटरसायकली आल्या, माणसं काम उरकून अंधाराआधी घरी परतू लागली. शेतीत मजुरी रोज मिळेना, हार्वेस्टर आले. नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत जनरेटरचं डिझेल तिकिटाच्या पैशाला पुरेना. या प्रत्येक कारणाने थोडी थोडी माणसं कमी झाली, आणि मी ती खिडकीतून ऐकत होतो.

2005 नंतर उपग्रहावरून चित्रपट पाठवणारी डिजिटल यंत्रणा आली. आमच्याकडेही काही वर्षांनी तिचा सर्व्हर बसला. त्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. सर्किटच्या टोकाच्या गावाला पहिल्यांदा मुंबईबरोबर, त्याच शुक्रवारी चित्रपट मिळू लागला, तोही एकही ओरखडा नसलेला. ज्या गावाने आयुष्यभर इतरांची उतरलेली प्रिंट पाहिली त्याचा हा मान होता. आणि त्याच दिवसापासून मला काम उरलं नाही. बटण दाबायचं, बसायचं. पडद्याच्या कोपऱ्यातला ठिपका गेला. मी बरेच महिने सवयीने तिकडेच पाहत राहिलो.

29 एप्रिल 2016 ला 'सैराट' आला. शेवटची खरी गर्दी ती. जुने लोक परत आले, काही जण नातवंडांना घेऊन. उस्ताद तोवर गेले होते. केबिनची खिडकी उघडून मी हॉलकडे तोंड करून उभा राहिलो, आणि शेवटच्या प्रसंगाला जी शांतता पडली तशी माझ्या सबंध नोकरीत पडली नव्हती. मी सवयीने सर्व्हरकडे पाहिलं, काही बिघडलं का म्हणून. काही बिघडलं नव्हतं. त्याच वर्षी सप्टेंबरपासून मोबाइलचा डेटा जवळजवळ फुकट झाला. पुढच्या वर्षी जीएसटी आला. 2020 च्या मार्चमध्ये करोनामुळे चित्रपटगृहं बंद झाली. सरकारी परवानगीने ती पुन्हा उघडली तेव्हा आमचं कुलूप काही निघालं नाही.

पुण्यात 1934 पासूनच्या प्रभात टॉकीजवरून प्रभातचं नाव उतरलं तेव्हा वर्तमानपत्रांत पानंच्या पानं आली, आणि ती यायलाच हवी होती. आमच्या भिंतीवर हातोडा पडला तेव्हा चार ओळीही आल्या नाहीत. गोंदियाचा माणूस पुण्याच्या माणसाइतकाच सिनेमावर जीव टाकणारा होता. त्याची नोंद कुणी ठेवली नाही, एवढाच फरक. फोटोफोनची मशीनं भंगाराच्या भावात गेली. लेन्स आधीच कुणीतरी काढून नेल्या होत्या. डेली कलेक्शनची रजिस्टरं, ज्यात कुठल्या तारखेला कुठल्या क्लासला किती तिकिटं गेली हे शाईने लिहिलेलं होतं, ती रद्दीत चालली होती. त्यातली हाताला लागली तेवढी मी उचलून आणली. ती चाळताना धानाचं चांगलं साल आणि दुष्काळाचं साल तिकिटांच्या आकड्यांवरून ओळखता येतं.

झाडीपट्टीचं नाटक मात्र चालू आहे. वडशाच्या कंपन्या आजही हिवाळ्यात गावोगाव जातात, शेतात मंडप पडतो, पहाटेपर्यंत माणसं हलत नाहीत. मी जातो पाहायला. मोबाइल तिथेही सगळ्यांच्या खिशात असतो. नाटक माणसांपर्यंत चालत गेलं म्हणून ते टिकलं, आणि आमची इमारत माणसांची वाट पाहत जागीच उभी राहिली, हा फरक मला तिथे पोत्यावर बसल्यावर कळतो.

अलीकडे इथल्या कॉलेजातली दोन मुलं येऊन बसतात. मी त्यांना लॅम्पहाउसचं चित्र काढून दिलं, कार्बन कसा जुळवायचा ते पेन्सिलींनी दाखवलं, काजळी धरलेल्या काचेवर नाव कोरायला लावलं. रजिस्टरांतले आकडे ती आता वर्षवार उतरवून घेत आहेत. तिरोड्याकडे एक जुने बुकिंग क्लार्क आहेत, माझ्याहून वयाने मोठे. त्यांना तिकिटांचे रंग, दर आणि करमणूक कराचा हिशेब तोंडपाठ आहे. धानकापणी उरकली की आम्ही तिघं त्यांच्याकडे जाणार आहोत, वही घेऊन.